वायरमनचा अर्ज

एकदा एक वृद्ध प्लंबर आपल्या शिष्यासह एका व्यापाऱ्याच्या नव्या लॉजवर काम करीत होता. सहा खोल्या, सहा गिझर. वृद्धाने पाण्याच्या नळ्या जोडल्या, प्रत्येक सांधा हाताने चाचपला आणि हत्यारे पेटीत ठेवली. विजेच्या तारा त्याने तशाच लोंबत ठेवल्या.

व्यापारी म्हणाला, तेवढ्या ताराही जोडून टाका. कागदावर सही करणारा परवानाधारक वायरमन माझ्या ओळखीचा आहे, तो बघायलाही येत नाही. वृद्धाने नकार दिला व तो चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा शिष्याने सहाही गिझर जोडले होते आणि व्यापारी त्याची पाठ थोपटत होता.

"आधी मेन बंद कर," वृद्ध म्हणाला. "मग सगळ्या तारा सोड."

"मिस्त्री, गरम पाणी आलंय की."

"सोड."

व्यापारी हसला. "म्हातारबा, चाळीस वर्षं पाण्यात काढलीत, आता दोन तारांचं भ्या वाटतंय होय?"

"वाटतं."

शिष्याने तारा सोडल्या. व्यापाऱ्याने पुढचे सगळे काम दुसऱ्याला दिले.

बसथांब्यावर वृद्ध म्हणाला, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

शिष्य आठ वर्षे त्याच्या हाताखाली होता. एका चुकीपायी हे ऐकावे लागले म्हणून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा वृद्धाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. जिल्ह्याच्या आयटीआयमधील वायरमनच्या अभ्यासक्रमाचा अर्ज होता. तिथेच राहून शिकायचे, दोन वर्षे.

"चार महिने खिशात आहे. द्यायला मन होत नव्हतं."

"दोन तारांसाठी दोन वर्षं, मिस्त्री?"

वृद्धाने हत्यारांची पेटी बाकावर ठेवली.

"एका घरात जमिनीतून आलेला लोखंडी नळ गंजला होता. मी तो काढून प्लास्टिकचा बसवला. थेंबही गळला नाही. पण जुन्या वायरमनने गिझरची अर्थिंगची तार त्या लोखंडी नळाला बांधली होती. गिझरच्या अंगात वीज उतरली, तर नळातून ती जमिनीत जायची. प्लास्टिकमधून ती जात नाही. मला हे ठाऊक नव्हतं. तार दिसली होती. मी ती सोडून बाजूला सारली. महिन्याभराने गिझर बिघडला, तेव्हा घरातली बाई अंघोळीला गेली होती."

त्या घरच्यांनी तुम्हाला काय केले, असे शिष्याने हळूच विचारले.

"कोण करणार? त्या घरात आता मी एकटाच राहतो."

शिष्याने पेटी मांडीवर घेतली, तिच्यावर कागद पसरला आणि लिहू लागला.

अर्ज भरून होईपर्यंत दोन बस गेल्या. वृद्धाने एकीलाही हात केला नाही.