ठकूआईचा कच्चा पेड

जवळ सरकून बसा. ही गोष्ट हसायची नाही आणि अर्ध्यातून उठून जायचीही नाही. ज्याला उठायचंय त्यानं आत्ताच उठावं.

फार वर्षांपूर्वी करंजतळच्या विहिरीला पाणी नव्हतं, नुसता खड्डा होता. त्या काळी गावकुसाबाहेर, माळाच्या कडेला, दोर वळणाऱ्यांची चार खोपटं होती. त्यातल्या एका खोपटात ठकू राहायची. ठकूआई तिला फार पुढं म्हणायला लागले. तेव्हा ती नुसती ठकू होती, तरणीताठी, तोंडानं फटकळ, आणि तिच्यासारखा दोर पंचक्रोशीत कुणी वळत नव्हतं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं डोहात भिजत घालायची, बडवून त्यांचा वाख काढायचा, म्हणजे धागे, ते वाळवायचे आणि मग पीळ द्यायचा. या कामाला दोन माणसं लागतात. एक जण लाकडी फिरकीपाशी बसून ती फिरवत राहतो. दुसरा कमरेला वाख खोचून, चिमूट चिमूट जोडत, उलट्या पावलांनी मागं मागं जातो. दोर जसा लांबतो तशी ती दोघं एकमेकांपासून लांब होतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

ठकूचा धाकटा भाऊ सटवा विहिरी खणायचा. त्याची बायको गजरा, लग्नाला दोन वर्षं झालेली, कमी बोलणारी. करंजतळची विहीर सटवाच खणत होता. विहीर पाणी लागेपर्यंत खणणाऱ्यांची, पाणी लागलं की गावाची, आणि मग खणणाऱ्यांनी तिच्या काठाला पाय लावायचा नाही, अशी तेव्हाची रीत होती. रीत म्हणायची आपली, खरं तर तो अन्यायच होता.

त्या साली पाऊस लांबला. गावानं धोशा लावला, खाली उतरायला नवा दोर उद्याच्या उद्या पाहिजे. ठकू वळायला बसली आणि वाख कमी पडला. उतरंडीमागं गेल्या सालचा वाख पडला होता, ओल लागून बुरशी धरलेला. तिनं तो तिसऱ्या पेडाच्या पोटात घातला आणि वरून चांगला वाख गुंडाळला. सकाळी सटवाला सांगू, तो जपून उतरेल, असं तिनं मनाशी ठरवलं.

सकाळी खड्ड्याभोवती सगळं गाव उभं होतं. ठकूच्या हातात दोर बघून कुणीतरी म्हणालं, "दोर असावा तर ठकूच्या हातचा!" झालं. चारचौघांत आपल्या हाताला आपणच नावं ठेवायचं तिच्या जिवावर आलं. ती गप्प राहिली. एवढ्यासाठी गप्प राहिली.

तिसऱ्या खेपेला दोर तुटला.

असं म्हणतात, सटवा जिथं पडला तिथंच झरा फुटला. गावानं विहिरीला नारळ फोडला. वस्तीला सांगितलं, त्याची वेळ आली होती. गजराला लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इहिरीनं न्हेला." दुसरं काही बोलली नाही.

ठकूचं तोंड त्या दिवसापासून मिटलं. कुणाला फिरकीला न बसवता ती फिरकी बाभळीला बांधून एकटीच कसाबसा दोर ओढायची. शेजारच्या खोपटात गजरा राहायची, दोघींच्या चुलींचा धूर एक व्हायचा, पण नणंद-भावजय एकमेकींच्या डोळ्यांत बघत नव्हत्या. आत काय जळत होतं ते ठकूलाच ठाऊक. सांगायला तिला माणूस एकच होतं, आणि नेमकं त्याच माणसाला सांगायची तिची छाती नव्हती.

मग एक दिवस गावातली एक बाई कासरा न्यायला आली. तिचं तान्हं पोर दगावलं होतं. कासरा तयार नव्हता. बाई तिथंच फिरकीपाशी बसली आणि हाताला चाळा म्हणून ती फिरवू लागली. ठकूनं वाख उचलला आणि ती मागं मागं जाऊ लागली. बाई आधी स्वतःशीच पुटपुटली. ठकू दहा पावलं गेली तेव्हा तिला साध्या आवाजात बोलावं लागलं. पन्नास पावलांवर ती ओरडत होती, उघड्या माळावर, जीव तोडून, "मला झोप लागली वं! त्ये रडत हुतं आन् मी उठले न्हाई!"

आपण काय तोंडानं बोलणार, असं ठकूला वाटलं. ती फक्त चिमूट चिमूट वाख जोडत राहिली. दोर पुरा झाला तेव्हा बाईचं रडणंही सरलं होतं. घरी जाऊन ती चार दिवसांनी पहिल्यांदा भाकरी जेवली.

बातमी पसरली. ज्या वस्तीत गावची माणसं सावली पडू देत नव्हती, तिथं ती रांगा लावून बसू लागली. ठकूनं कुणाला काही विचारलं नाही, सल्ला दिला नाही, अंगारा दिला नाही. बोलणारा अडला तर लांबून एवढंच म्हणायची, "फुडं बोल." माणूस स्वतःच्याच कानाशी आयुष्यभर जे कुजबुजत असतं ते त्याला मोठ्यानं म्हणायला लावायचं, एवढंच तिचं औषध. असं म्हणतात, एका म्हाताऱ्याचा दोर वळता वळता दोन शिवारं ओलांडून गेला. असंही म्हणतात की रडून वळलेल्या दोराला कधी कीड लागली नाही. खरं खोटं दोर जाणे.

पण एक गोष्ट सगळ्यांना खटकायची. दोर देताना ठकूआई विचारायची, "ह्याच्यावर मानूस उतरनार हाय का?" हो म्हटलं की दोर काढून घ्यायची. का, ते कुणाला कळलं नाही. सगळ्या मुलखाचं दुःख ऐकणाऱ्या बाईला स्वतःचं काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. ऐकणाऱ्याचं असंच होतं बाबांनो.

सटवा जाऊन अशी अठरा वर्षं झाली. ठकूआईचे केस पिकले, बोटं वाकडी झाली. एका सकाळी फिरकीपाशी गजरा येऊन बसली.

"अवघ्यांचं ऐकलंस," ती म्हणाली. "आता माझ्यासंगट एक दोर वळ."

ठकूआई उठली. तिनं वाख कमरेला खोचला आणि ती मागं निघाली. गजरा फिरकी फिरवत होती, पण बोलत नव्हती. दहा पावलं झाली, वीस झाली. पन्नास झाली तरी गजराचं तोंड उघडेना. नुसती फिरकी करकरत होती आणि दोराला पीळ चढत होता. इतक्या लोकांना जे झालं ते आज ठकूआईला होत होतं. पाय मागं जात होते आणि इतकी वर्षं दाबलेलं वर येत होतं. शंभराव्या पावलाला ती थांबली आणि ओरडली.

"गजरे! त्या दोरात सडका वाख हुता! मला ठावं हुतं गं! मी बोलले न्हाई!"

फिरकी थांबली.

फिरकी थांबली की पीळ उलगडतो. ठकूआईच्या हातात दोर सैल पडत गेला, धागे सुटू लागले. गजरानं कनवटीतून काहीतरी काढून वर धरलं. एवढ्या लांबूनही ठकूआईनं ते ओळखलं. जुन्या दोराचं तुटकं टोक होतं, आतून काळं पडलेलं.

"त्या दिशीच उचललं हुतं," गजरा ओरडून म्हणाली. "बोलले असते तर वस्तीचा धंदा बुडाला असता, म्हनून दातावर दात ठिवले. म्हनलं, तू घरला येऊन सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. अठरा वर्सं दार उघडं ठिवलं मी!"

ठकूआई खाली बसली. सुटलेल्या दोरावर कपाळ टेकून ती रडली. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. मग तिच्या हातातला दोर हलला. हळूहळू ताठ झाला. गजरानं फिरकी परत धरली होती.

"माफ न्हाई करायची मी तुला," ती म्हणाली. "पर ऐकलं. फुडं बोल."

त्या दिवशी ठकूआई मागं जात राहिली आणि बोलत राहिली. सटवा लहानपणी कसा तिच्या कडेवर बसायचा, त्याला पाण्याची भीती कशी होती, सगळं. त्यानंतर ती दोन वर्षं जगली. गजरानं तिला माफ केलं नाही ते नाहीच, पण रोज सकाळी फिरकीला तीच बसली, आणि शेवटचं पाणीही तिनंच पाजलं. त्या विहिरीचं पाणी मात्र नव्हतं ते. तेवढं मागूनही मिळालं नाही.

आता ती विहीर सगळ्यांची आहे, असं म्हणतात. असावी. वस्तीतली खोपटं गेली, पत्र्याची घरं आली. पण करंजतळला अजून एक रिवाज आहे. नवा दोर विहिरीवर चढवायच्या आधी वळणारा काठावर उभा राहतो आणि सगळ्यांसमोर त्यातला कच्चा पेड बोटानं दाखवतो. इथं वाख कमी होता, इथं माझा हात घसरला, असं मोठ्यानं सांगतो. दोर कितीही चांगला असो, काहीतरी सांगावंच लागतं. त्याला कुणी शाबासकी देत नाही आणि कुणी नावंही ठेवत नाही. जमलेल्यांतली सगळ्यात म्हातारी बाई तेवढी म्हणते, "ऐकलं." ती म्हणेपर्यंत पोहरा खाली सोडत नाहीत.