ठकूआईच्या पायाखालची भुई

तुमच्या-आमच्या पणज्याच्या काळची गोष्ट. डोंगराच्या कुशीत आंबेघोळ नावाचं गाव होतं. शेतांच्या सातबाऱ्यावर नावं होती, पण राहत्या घरांचा कागदच नव्हता. सगळ्या गावठाणाला मिळून सरकारदरबारी एकच नंबर.

एके दिवशी मोजणीदार आला. म्हणाला, "ज्याचा पुरावा, त्याचं घर. उरेल ती जागा सरकारची. तीन दिवस देतो."

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. चुली पेटेनात. सख्खे शेजारी एकमेकांच्या भिंतीकडे संशयानं बघू लागले.

कोंडाजी पाटील ठकूआईकडे गेला. ठकूआई गावची सुईण. साऱ्या गावाच्या नाळा तिनंच बोळक्यात घालून ज्याच्या त्याच्या घरात पुरलेल्या. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"आई, नाळा पुरलेल्या जागा दाखवशील? तोच आमचा पुरावा."

ठकूआईनं मनात हिशेब केला. साठ वर्षांच्या नाळा! एक जागा चुकली, तर एक चूल उघड्यावर. तरी ती अनवाणी निघाली. असं म्हणतात, नाळ पुरलेली भुई तिच्या तळव्याला ऊन लागायची.

"हितं खणा. तुळसाची नाळ हाय."

खणलं, की बोळकं निघे. मोजणीदार नाव लिही. घरामागून घर झालं. ठकूआईचे पाय सुजले, पण धास्तीनं ती बसेना.

तिसऱ्या दिवशी एकच घर उरलं. तिचं स्वतःचं.

"इथं काय पुरलंय?" मोजणीदारानं विचारलं.

"काय न्हाई, सायेब. मी परगावची. मला लेकरू न्हाई."

त्यानं टाक खाली ठेवला. ठकूआईनं भिंत चाचपली आणि तिला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात तुळसा पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "या बाजूला मी राहते. हे घर ठकूआईचं."

मग पश्चिमेचा आला, उत्तरेचा आला. बघता बघता तिच्या हातांवर जन्मलेलं सगळं गाव घराभोवती उभं राहिलं. असं म्हणतात, त्या माणसांच्या कड्याला मोजणीची साखळी पुरली नाही. मोजणीदारानं टाक उचलला आणि लिहिलं: ठकू सुईण, राहतं घर.

आज आंबेघोळात घराघरांत नकाशा आहे, मालकीचा कागद आहे. तरीही बारशाला चारी बाजूंचे शेजारी येतात, आपापल्या बाजूच्या भिंतीला हात लावतात आणि म्हणतात, "ठकूआईच्या साक्षीनं, हे घर या बाळाचं."

त्यानंतरच पाळणा हलतो.