खुंटीवरचा जवान

शिवलिंग सरावावरून घरी येतो, वर्दी काढून खुंटीला अडकवतो आणि थापी घेऊन गवंडीकामाला जातो. मग त्याच्यातला जवान कुठं राहतो? खुंटीवर, का शिवलिंगमध्ये?

हे आमच्या गावात एका भोळ्या माणसानं सगळ्यांना विचारलं. मास्तरांना विचारलं, अण्णांना विचारलं, खुद्द शिवलिंगला विचारलं. कुणी सांगितलं नाही. त्या भोळ्याचं नाव पिराजी. तो माझा थोरला भाऊ. गोष्टीत 'एक भोळा होता' म्हणायची रीत असते. पिराजी खरंच होता. यंदा दसऱ्याच्या आधी तापानं गेला. ताप कशानं आला ते शेवटी येईल. तोवर हसायला हरकत नाही. गाव हसतच होतं.

तर शिवलिंग टेरिटोरियल आर्मीतला. वर्षातले बरेच महिने गवंडी, थोडे दिवस जवान. शाळेत एनसीसीची पोरं होती, ती शनिवारी कवायत करायची. या सगळ्यांना मदत करायची म्हणून अण्णांनी मंडळ काढलं. अध्यक्ष अण्णा. मंडळाचं मुख्य काम भाषण. पिराजी भाषणाला पहिल्या रांगेत बसायचा आणि ऐकायचा. बाकीचे नुसते बसायचे.

शिवलिंग सरावाला निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, "जवान गेला, तरी त्याचं घर उघडं पडलेलं नाही! आजपासून त्याचं घर ते आपलं घर समजा!"

टाळ्या झाल्या. सगळे आपापल्या घरी गेले. पिराजी शिवलिंगच्या घरी गेला. चपला काढल्या, शिवलिंगच्या खाटेवर आडवा झाला आणि शिवलिंगच्या आईला, निलाक्काला म्हणाला, "भाकरी वाढ. कालवणात मीठ बेतानं टाक, काल सांगितलं हुतं."

निलाक्का म्हणाली, "मुडद्या, काल कुणाला सांगितलंस?"

"घरी सांगितलं."

"मग घरीच जा की!"

"आलोय की."

निलाक्कानं कपाळावर हात मारला. "आरं, घर समजायचं म्हंजी राखायचं! दारात बस. अनोळखी माणूस आत सोडू नगंस."

"बरं," पिराजी म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला एक गाठ मारली. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो गाठ मारायचा. पिराजीला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे. तीच तर पंचाईत होती.

शिवलिंग सराव संपवून आला. एसटीतून उतरला तो वर्दीतच. डोक्याचे केस बारीक, उन्हानं रापलेला, खांद्यावर ट्रंक. दारात पिराजी आडवा हात लावून उभा.

"पिऱ्या, सरक."

"कोन पायजे?"

"आरं, मी शिवलिंग!"

"शिवलिंग गवंडी हाय. तुम्ही जवान दिसताय. ह्ये गवंड्याचं घर हाय."

"माझंच घर हाय की!"

"गवंडी आला म्हंजी त्यो बघंल."

शेवटी शिवलिंगनं अंगणातच वर्दीचा शर्ट काढला. पिराजी लगेच बाजूला झाला. "आलास व्हय शिवा? मगाधरनं एक जवान तुला हुडकतोय."

शिवलिंगनं त्याला ओट्यावर बसवून समजावलं. "हे बघ, वर्दी दिसली की अडवायचं न्हाई. वाट सोडायची. सलाम ठोकायचा. म्हणतील ते ऐकायचं."

"बरं." दुसरी गाठ.

सुगी झाली आणि गावात बहुरूपी आला. खाकी वर्दी, डोक्यावर टोपी, काखेत दांडकं, ओठावर काळ्या रंगाच्या मिशा. बहुरूपी दारोदार दमदाटी करतो, लोक हसतात आणि पसाभर ज्वारी घालतात. निलाक्का रानात गेली होती. दारात पिराजी.

"चल चौकीवर!" बहुरूपी गरजला. "तुझ्या नावानं वॉरंट आहे! सासूला पळवून नेलीस! सुटायचं असेल तर ज्वारी आण!"

पिराजीनं वाट सोडली. सलाम ठोकला. ज्वारीचं पोतं बाहेर आणलं. बहुरूपी घाबरला. म्हणाला, "दादा, एवढं नको, मी बहुरूपी आहे." पिराजी म्हणाला, "वर्दीवाल्यानं असं भिऊन चालत न्हाई," आणि पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन त्याला पुढच्या गावापर्यंत पोचवून आला.

निलाक्कानं पोतं परत आणायला मला पाठवलं. पिराजीला म्हणाली, "वर्दी बघून भुलतोस व्हय रं? वर्दीच्या आत कोन हाय ते आधी बघत जा!"

"बरं." तिसरी गाठ.

पुढच्या महिन्यात एनसीसीच्या पोरांची तपासणी करायला शिवलिंगच्या पलटणीतले मोठे साहेब आले. मंडळातर्फे हार घालायचा मान पिराजीला मिळाला, कारण झेंडूची फुलं त्यानंच आणली होती. साहेबांनी मान पुढं केली. पिराजीनं हार खाली ठेवला आणि साहेबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं.

साहेबांनी विचारलं, "काय करतोस?"

"आत कोन हाय ते बघतुया."

"काय दिसलं?"

"बनियन."

साहेब पोट धरून हसले. अण्णा हसले नाहीत. साहेबांची जीप गेल्यावर त्यांनी पिराजीचा कान धरला. "मंडळाची अब्रू घालवलीस! साहेबासमोर हात विजारीच्या शिवणीला लावायचे, ताठ उभं राहायचं आणि साहेब सांगेपर्यंत हलायचं न्हाई! कळलं?"

"बरं." चौथी गाठ.

पंधरा ऑगस्टला साहेब पुन्हा येणार होते. पोरांच्या वर्द्या धुवायचं काम मंडळानं घेतलं. मंडळानं घेतलं म्हणजे पिराजीनं केलं. साहेब आदल्या दिवशीच आले. संध्याकाळी अण्णा शाळेत येऊन बघतात तर साहेब व्हरांड्यात चहा पिताहेत, समोर दोरीवरच्या वर्द्यांवर पाऊस पडतोय आणि दोरीखाली पिराजी, हात शिवणीला, ताठ.

"गाढवा, वर्द्या उचल की!"

"सायबानं अजून सांगितलं न्हाई."

त्या वर्द्या घरोघरच्या चुलीवर वाळवाव्या लागल्या. अण्णा ओरडले, "ध्यानात ठेव! तू भिजलास तरी चालंल, वर्दी भिजता कामा नये!"

"बरं." पाचवी गाठ.

सकाळी झेंडा वर गेला आणि पावसाची सर आली. पिराजी पोरांच्या रांगेत घुसला. "काढा, काढा! लवकर काढा!" पोरांना वाटलं हुकूम आहे. साहेब वर बघतात तर सगळी पलटण चड्डी-बनियनवर भिजत झेंड्याला सलामी देते आहे आणि वर्द्या वर्गात, बाकावर, कोरड्या ठणठणीत.

अण्णांच्या तोंडाला फेस आला. "आरं, वर्दी मोठी का आतला माणूस मोठा?"

पिराजी म्हणाला, "तेच मी विचारतुया अण्णा. कवाधरनं."

अण्णा पुढं निघून गेले. त्यांना फोटोला उभं राहायचं होतं.

गणपती उठले. शिवलिंगला सरावाला बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात तो बांधकामाच्या परांचीवरून पडला. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. गेल्या वर्षीही आजारपणात त्याची हजेरी चुकली होती. या खेपेला चुकली तर नाव कमी करतील, अशी त्याला धास्ती. निलाक्का डोळ्याला पदर लावून बसली.

अण्णा भेटायला आले. म्हणाले, "काळजी करू नका. मंडळ पाठीशी आहे. साहेबांना मी कळवतो." मग त्यांच्या सत्काराचा दिवस आला. पुण्याचे पाहुणे होते. कळवायचं राहिलं.

हजेरीच्या दिवशी पहाटेपासून पाऊस. ओढ्याच्या पुलावरून पाणी, एसटी बंद. शिवलिंग खाटेवर पडून आढ्याकडं बघत होता. निलाक्का म्हणाली, "संपलं. आज जवान तिथं हजर न्हाई झाला तर गेलं पोराचं नाव."

दारात पिराजी बसला होता. त्यानं खुंटीकडं बघितलं. मग शिवलिंगकडं बघितलं. दोन जागी दोघं होते. एकाचा पाय मोडला होता. दुसऱ्याला काही झालं नव्हतं.

"एवढंच व्हय," पिराजी म्हणाला.

त्यानं खुंटीवरची वर्दी काढली, टोपी काढली, पंच्यात गुंडाळली आणि पाऊस जरा उघडला तसा निघाला. ओढ्याला छातीच्या वर पाणी होतं. तो एक हात उंच धरून पलीकडं गेला. ओढ्याकाठच्या गुराख्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "पाण्यावर नुसतं एक गाठोडं चाललं हुतं, अन् त्येच्या खाली कधी डोकं दिसायचं, कधी न्हाई."

सरावाचा तळ पलीकडच्या माळावर. पाऊस थांबला होता, पण वारं सुटलं होतं. हजेरी चालू होती. शिवलिंगचं नाव पुकारलं गेलं.

"हजर!"

सगळ्यांनी वळून बघितलं. रांगेत जवानाची एक जागा मोकळी होती, तिथं पिराजी उभा. धोतरातून पाणी गळतंय, दात वाजताहेत. एक हात आडवा. हातावर वर्दी, इस्त्रीची घडी न मोडलेली. मुठीवर टोपी.

बनियनवाले साहेबच पुढं आले. त्यांनी ओळखलं. "हे काय आणलंस?"

"जवान, साहेब."

"शिवलिंग कुठं आहे?"

"त्यो गवंडी. घरी पडलाय, पाय मोडलाय. बटनं काढून बघा पायजे तर. आत कोन न्हाई. पर जवान ह्योच."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही चाचपून बघितली. कोरडी होती.

"मग तू कोण?"

"मी खुंटी," पिराजी म्हणाला.

साहेब म्हणाले, "इथंच थांब. मी गावात फोन करून येतो." फोन लागला. पाय मोडल्याचं लिहून घेतलं गेलं. शिवलिंगचं नाव राहिलं. त्याबद्दल पुढं अण्णांचा आणखी एक सत्कार झाला. पण साहेबांना तिकडूनच दुसरीकडं बोलावणं आलं. रांग मोडली. लोक जेवले. पहाऱ्यावरच्याला वाटलं, साहेबांनीच उभं केलंय, असंल काहीतरी शिक्षा.

दिवस कलता पाणी उतरलं तेव्हा मी सायकल मारत तळावर पोचलो. माळावर कुणी नव्हतं. वाऱ्यात पिराजी उभा होता, तसाच, हात आडवा. धोतर अंगावरच वाळलं होतं. मी कपाळाला हात लावला. तव्यासारखं.

"दादा, हात खाली घे. चल घरी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी येडा आहे असं बघितलं.

"आधी वर्दी उतरून घे," म्हणाला. "खुंटी कुटं खाली येती व्हय रं?"