पहिलं नाव कुणाचं

"...पण नजर कमवायची कशी, मास्तर?"

सुकुमारनं हे पुन्हा विचारलं. मास्तर वहाणेत अडकलेला खडा काढत होते. खडा निघाला, वहाण पायात गेली.

मी मैदानावर फक्कीच्या रेघा मारत होतो. हात पांढरे झालेले, कान मात्र तिकडं.

आमचे मास्तर म्हणजे बाबालाल मुल्ला. शाळेत ड्रिल शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, गुडघे गेले, पण संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर पोरापोरींचा खो-खो घ्यायचं काही सुटलं नाही. सुकुमार मगदूम आणि मी, दोघं त्यांच्याच हाताखालचे. मी गावात राहिलो. सुकुमार राज्याकडून खेळला, देशाकडून खेळला, आणि आता एका मोठ्या शहराच्या व्यावसायिक संघाचा निवडप्रमुख होता.

कुठल्याही सत्काराला उभा राहिला की त्याचा एकच पाढा. गावच्या पोरांच्या झुंडीतून मास्तरांनी मला एका नजरेत हेरलं, नाहीतर मी आज कोण होतो? लोक टाळ्या वाजवायचे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मास्तरांनी मात्र या गोष्टीला कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

आता गडी अडचणीत होता.

त्यांच्या लीगचा नियम असा, की जो संघ तळाला राहील त्याला पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडताना पहिलं नाव घ्यायचा मान. सुकुमारचा संघ लागोपाठ तळाला. म्हणजे पहिला मान दरवर्षी त्याचाच. देशातला सगळ्यात तगडा पोरगा दरवर्षी हा उचलणार, आणि तरी दरवर्षी तळाला. मालकांनी तोंडावर सांगितलं होतं, यंदाचं नाव चुकलं तर नवा निवडप्रमुख शोधू.

नाव सकाळी द्यायचं होतं. आणि नवा घ्यायचा तर जुना सोडावा लागणार होता. हा जुना म्हणजे गोविंद डोईफोडे, परभणीकडचा, गेल्या वर्षीचं पहिलं नाव. चाचणीत वाऱ्यासारखा पळालेला. संघात आला आणि बसल्या जागेवरून उठताना अडखळायला लागला. दोन सामने खेळवला, मग बाहेर ठेवला.

"माझी नजर चुकली," सुकुमार म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज जरा उतरला. मला बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. शाळेत एका डब्यात जेवलेली माणसं आम्ही.

मग त्यानं फोन काढला. दोन नव्या पोरांच्या चित्रफिती मास्तरांना दाखवल्या. हा धाराशिवचा, तो ठाण्याचा. कुणाचा पल्ला किती, कुणाची झेप किती, खांबाला वळताना कुणाचा वेग किती राहतो, सगळं सांगितलं. मास्तरांनी फोन हातभर लांब धरून पाहिला. परत दिला.

"तो डोईफोडे... कुणाशेजारी बसतो?"

सुकुमारला वाटलं, मास्तरांना ऐकू कमी आलं असणार. त्यानं डोईफोडेचा वेग सांगितला. वजन सांगितलं.

"ते झालं. बसतो कुणाशेजारी?"

खो-खोत ही काही साधी गोष्ट नव्हे. आठ जण ओळीनं बसलेले, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. मागून पाठीवर हात पडून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. शेजारी कोण आहे, तो उठताना कुठला पाय आधी टाकतो, हे अंगात मुरावं लागतं. सुकुमारला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पण त्याला डोईफोडेचा शेजारी आठवेना.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

मास्तरांनी शिट्टी गळ्यात अडकवली.

तेवढ्यात पोरं आली. आमच्याकडं भिडू वाटायची रीत जुनीच आहे. बरोबरीच्या दोघांनी जोडी करायची, गळ्यात गळा घालून पाण्याच्या टाकीमागं जायचं आणि गुपचूप नावं घ्यायची. एक जिलेबी, एक भजी. मग कप्तानांपुढं यायचं आणि विचारायचं, कुणी घ्या जिलेबी, कुणी घ्या भजी? कप्तानाला ठाऊक नसतं कोण काय आहे ते. त्यानं नुसतं नाव घ्यायचं आणि जो वाट्याला येईल त्याच्यासोबत खेळायचं.

सुकुमार हसला. "अजून हेच चालतं होय इथं?"

त्यात बोच होती. आम्ही अजून पोरखेळात, आणि हा लीगमध्ये. माझ्या हातातली फक्कीची बादली जरा जोरातच खाली आपटली.

मास्तरांनी त्याच्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं. "काढ ते. जोडी शोध."

त्याला वाटलं चेष्टा आहे. मास्तरांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. शेवटी त्यानं बूट काढले, मोजे घडी करून त्यात कोंबले आणि पोरांत जाऊन उभा राहिला. पोट आत ओढलं होतं, आम्हाला काय दिसत नाही का?

जोड्या पटापट झाल्या. सुकुमार एकाकडं वळला की तो दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकायचा. राष्ट्रीय खेळाडू, छातीवर पदकं मिरवलेला माणूस, आणि त्याला जोडी मिळेना. शेवटी एका मुलीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी अदबीनं सांगितलं, "काका, तुमच्या बरोबरीचं कोणच नाही."

सगळ्यांची वाटणी झाली. हा एकटा मधोमध उरला.

"कच्चं लिंबू," कुणीतरी पुटपुटलं, आणि खसखस पिकली.

ही पण रीतच. जो उरतो तो कच्चं लिंबू. त्याला आमच्या मैदानावरून घरी पाठवत नाहीत. तो दोन्हीकडून खेळतो. या बाजूचं आक्रमण असलं की यांच्यात बसायचं, डाव फिरला की त्यांच्यात. कधी पळतीला घेतलाच, तर बाद झाला तरी बाद धरायचा नाही.

डाव सुरू झाला.

पहिल्याच खो-ला सुकुमार उठला तो तोंडावर पडता पडता वाचला. दुसऱ्याला चुकीच्या बाजूला पळाला. शिट्टी वाजली. शेजारी बसलेल्या पोरानं त्याला सांगितलं, काका, टाच उचलून बसा, बूड जड होऊ देऊ नका. त्यानं मुकाट ऐकलं. डाव फिरला. पळणारी पोरं तिघं तिघं आत जातात, बाकीची बाहेर बसून दम घेतात. कच्च्या लिंबाला कुठला दम? हा पुन्हा बसला, आता दुसऱ्या ओळीत. तिकडच्या शेजारणीनं सांगितलं, काका, मी उजवा पाय आधी टाकते, तुम्ही जरा थांबून निघा.

पुन्हा डाव फिरला. पुन्हा हा आतच.

हळूहळू गंमत झाली. टाच उचलली गेली. कंबर सुटी झाली. पाठीवर हात पडायच्या आत त्याचं अंग तयार व्हायला लागलं, आणि एकदा तर त्यानं खांबापाशी असा सूर मारला की दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. कोपर सोलवटलं. तो हसत उठला. त्याला असं हसताना मी शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, फक्की गेली असेल म्हणा.

खेळ संपला. पोरं टाकीच्या नळावर पाय धुवायला गेली. सुकुमार मास्तरांच्या पायाशी मातीत फतकल मारून बसला. छाती भात्यासारखी चाललेली.

"मेलो," तो म्हणाला. "पोरांना मध्ये मध्ये बाहेर बसायला मिळत होतं. मला एक मिनिट सोडलं नाही..."

बोलता बोलता तो थांबला.

मास्तर गुडघा चोळत होते.

"मास्तर," त्यानं फार हळू विचारलं, "त्या दिवशी... एवढ्या पोरांतून तुम्ही मला काय बघून निवडलंत?"

मी झाडू हातात घेऊन उभा होतो. तसाच उभा राहिलो. या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. त्या दिवशी मीही जोडीत उभा होतो.

"मी कुठं निवडलं?" मास्तर म्हणाले. "तू उरला होतास."

...

टाकीचा नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता. पाणी वाहत होतं. कुणी उठलं नाही.

सुकुमारनं खाली बघितलं. उभ्या जन्माची कमाई एका वाक्यात गेल्यासारखं त्याचं तोंड झालं. मला वाटलं, हा आता बूट घालून जाईल आणि पुन्हा गावात पाऊल टाकणार नाही. मास्तरांचा थोडा राग आला मला. एवढी वर्षं गप्प बसलात, अजून थोडं बसला असता तर काय बिघडलं असतं?

"पूर्ण हंगाम कच्चं लिंबूच?" सुकुमारनं विचारलं.

"दोन हंगाम," मास्तर म्हणाले. "रोज दोन्हीकडून."

सुकुमारच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी ओठ हलले, मग खांदे. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

त्यानं मातीचे हात विजारीला पुसले आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला तो घाबरलेला. निवडप्रमुखाचा फोन या दिवसांत कशाला येतो हे त्या डोईफोडेला का कळत नसेल? पोरगं बिचारं आधीच म्हणायला लागलं, सर, मी सामान आवरून ठेवलंय.

"गोविंद," सुकुमार म्हणाला, "सरावात तू कुणाशेजारी बसतोस?"

मग फोनमधून आलेलं आम्ही तिघांनीही ऐकलं.

"कुणाशेजारी नाही, सर. मी बाकावर असतो."

सुकुमारनं डोळे घट्ट मिटले. मिटूनच बोलला. सामान सोड म्हणाला. सोमवारी सरावाला ये, लवकर ये. संघाचे दोन भाग होतील, तू दोन्हीकडून खेळायचं. बाद झालास तरी बाहेर जायचं नाही. शेजारी मी बसतो... हो, मी. बूट नको आणूस.

पलीकडचा पोरगा हो सर, हो सर म्हणत राहिला. शेवटचं हो सर जरा ओलं होतं.

फोन खिशात गेला. सुकुमार उठला, मास्तरांच्या पायाला हात लावला, आणि बूट हातात घेऊन गाडीकडं निघाला. अर्ध्या वाटेवर थबकला. माणसाची खोड काय एका दिवसात जाते?

"मास्तर, पण सकाळी नाव तर द्यावंच लागणार. धाराशिवचा की ठाण्याचा? नवा आणि जुना, दोघांना ठेवायची सोय बघेन मी कशीतरी, डोईफोडे जात नाही. पण पहिलं नाव कुणाचं घेऊ?"

मास्तर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. नळापाशी जाऊन त्यांनी तो नीट बंद केला.

"डोळे मिटून घे कुणाचंही," ते म्हणाले. "उघडायचे ते नंतर."