कासारणीचा करंज

एका गजबजलेल्या पेठेत एक कासारीण होती. जिभेने तिखट, पण हाताने इतकी हलकी की बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करंजाची झाडं होती. त्यांतल्याच एकाखाली ती बसायची.

समोर एका शेटजीचं कापडाचं दुकान होतं. एके दिवशी शेटजीच्या डोक्यात आलं, झाडांमुळे आपलं दुकान लांबून दिसत नाही. झालं! त्याच्या बाजूचे सगळे करंज गेले, धूळ अडवणारं मेंदीचं कुंपण गेलं. मग तो कुऱ्हाडवाल्यांना घेऊन रस्ता ओलांडून आला.

"बाई, ऊठ इथून. तुला पक्कं दुकान बांधून देतो, फुकट!"

"नको मला. उन्हात काच तापते, बायकांची मनगटं भाजतात. सावली गेली की माझं गिऱ्हाईक गेलं. करंज तसाच राहील."

शेटजी माणसांवर खेकसला, "बघता काय? हातात बांगड्या भरल्यात का? घाला घाव!"

कासारीण खोडाला पाठ लावून उभी राहिली. "बांगड्या भरलेले हात एवढे लेचेपेचे वाटतात होय? या, हटवून दाखवा!"

बांगड्या भरायला आलेल्या बायकाही पदर खोचून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांत कुऱ्हाडवाल्यांच्या बायकाही होत्या. मग काय, कुऱ्हाडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. शेटजी फणफणत परत गेला.

वैशाख आला. शेटजीचं दुकान आता पार वेशीवरून दिसत होतं, पण त्या रणरणत्या उन्हात उभं कोण राहणार? टांगलेली लुगडी विटली, गठ्ठ्यांवर धूळ बसली. दुपार टळली तरी पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी होईना. इकडे करंजाखाली बायका घटकाभर टेकायच्या, बांगड्या भरायच्या आणि शेजारच्या दुकानांतून चार वस्तू घेऊनच घरी जायच्या.

शेवटी शेटजी आला. आवाज पार मऊ झाला होता. "बाई, तुमच्या सावलीत माझ्या गठ्ठ्यांपुरती जागा द्या हो."

"मुळीच नाही! तुमच्या बाजूला झाडं लावा आणि स्वतःच्या हाताने पाणी घाला."

"अहो, सावली पडायला वर्षं जातील! तोवर मी खाऊ काय?"

"हे कुऱ्हाड चालवायच्या आधी विचारायचं होतं, शेटजी," कासारीण म्हणाली आणि तिने पुढच्या बाईचा हात हातात घेतला.

तात्पर्य: ज्याने पेठेची सावली तोडली, त्याने गिऱ्हाइकाची वाट उन्हातच बघावी.