उशिरा दिलेली आच

एका तांबट आळीत एकदा एक कारखानदार राहत होता. नाव केशवशेठ. धंदा बरा चालला होता, पण समोरच्या हरिभाऊच्या कारखान्याकडे नजर गेली की याच्या पोटात दुखू लागे. दोघे एकाच गुरूचे शिष्य, भांडवलही सारखेच. तरी केशवशेठचे कारागीर एकेक करून समोर जात आणि समोरचा एकही इकडे फिरकत नसे. लग्नसराई तोंडावर आली, घागरींच्या मागण्या आल्या, आणि नेमका त्याचा सर्वांत कसबी कारागीर दत्तोबा म्हणाला, "शेठ, मी आता हरिभाऊंकडे जाईन म्हणतो."

केशवशेठ तडक गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, नुसता जळफळाट होतोय माझा! दत्तोबाही निघाला समोर. त्या हऱ्यानं काय जादू केलीय? मजुरी तर माझ्याएवढीच देतो."

"केव्हा देतो?"

"ठरल्या तारखेला. मी मात्र महिनाभराची मागं ठेवतो. पैसा अडकलेला असला की कारागीर पळत नाही, जुनी रीतच आहे ती. बुडवत तर नाही ना कुणाची!"

गुरुजींनी तांब्याचा एक पत्रा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाटी घडव."

शेठ मुकाट्याने ठोकू लागला. ठोके खाऊन तांबे कडक होते, मग त्याला भट्टीची आच देऊन मऊ करावे लागते, हे त्या आळीतले शेंबडे पोरही जाणते. शेठ भट्टीकडे जायला उठला, तोच गुरुजींनी त्याचा हात धरला.

"बस. आच देऊ की नंतर. भट्टी कुठं पळून जातेय?"

गुरूचा शब्द मोडवेना. शेठ ठोकत राहिला, आणि वाटीला काठापासून तडा गेला. आता गुरुजी उठले, ती फुटकी वाटी भट्टीत ठेवली आणि भाता जोरात चालवू लागले.

"अहो गुरुजी, आता काय उपयोग? वरातीमागून घोडं! तडा असा सांधला जातो होय?"

"का रे? आच तर तेवढीच आहे. मी बुडवली थोडीच!" गुरुजी म्हणाले. "दत्तोबानं तुझ्याकडे पैसे मागितले होते ना?"

केशवशेठची मान खाली गेली. "मुलीच्या परीक्षेची फी भरायची होती. मी म्हणालो, सणानंतर बघू."

"राबलेल्याला ठरल्या दिवशी मजुरी मिळणं हा त्याचा हक्क आहे, केशवा. कायदाही तेच सांगतो. तू ती आपल्या सवडीनं देतोस आणि वर म्हणतोस, बुडवली नाही. हरिभाऊ तारीख पाळतो, एवढीच त्याची जादू."

त्याच संध्याकाळी केशवशेठने सगळ्या कारागिरांची मजुरी चुकती केली. दत्तोबाने पैसे खिशात ठेवले, हात जोडले.

"पोरीचं वर्ष तर गेलंच, शेठ," एवढे म्हणून तो समोरच्या दारात शिरला.

केशवशेठ पाहत राहिला. हेवा अजून होताच, पण तो कशाचा, हे त्याला आज पहिल्यांदा कळले.

आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या पगाराची तारीख कोणती, हे आपल्याला ठाऊक आहे ना?