गूळपाण्याचा पेला

नदीकाठच्या एका नगरात एका वकिलाची मोठी पेढी होती, आणि त्या पेढीत एक जुना रिवाज होता. आलेल्या माणसापुढे आधी गूळपाणी ठेवायचं. त्यानं ते घेतलं, की तो पेढीचा अशील झाला. मग त्याची गोष्ट पेढीच्या पोटात राहायची. वकिलाच्या आजोबांनी घालून दिलेला हा रिवाज म्हातारे मुनशीकाका अजून सांभाळत होते.

एके सकाळी एक रंगारीण आली. कापड रंगवायला तिला विहिरीचं पाणी लागे, आणि शेजारचा तेलाचा व्यापारी ती विहीर आपली म्हणत होता. गूळपाणी घेऊन ती हळूच म्हणाली, "दादा, तुमच्यापासून काय लपवायचं? विहिरीचा मूळ कागद आगीत गेला. माझ्याकडं नुसती नक्कल आहे. हे त्याला कळलं तर विहीर गेली, अन् विहिरीमागं माझा धंदा गेला."

"नाही कळणार," वकील म्हणाला. "उद्या या आणि वकीलपत्रावर सही करा."

दुपारी तोच व्यापारी दारात उभा. "वकीलसाहेब, माझं काम घ्या. सगळी बाजारपेठ तुमच्याकडं आणतो. नाही म्हणालात, तर एकही दुकानदार तुमची पायरी चढणार नाही."

वकिलानं मनात हिशेब मांडला. हाताखाली पाच धाकटे वकील होते आणि कामं तर रोडावत चालली होती. पेढी बंद पडली तर त्यांनी जायचं कुठं? तेवढ्यात मुनशीकाका पेला घेऊन आले आणि वकिलाच्या कानाशी वाकले.

"धाकटे साहेब, सकाळी तिनं पाणी घेतलंय."

"सही कुठं केलीय? फी कुठं दिलीय?" वकील कुजबुजला. कायदा त्याला तोंडपाठ होता, आणि नको तेव्हा हमखास आठवायचा.

"थेंबानं गेलेली हौदानं येत नाही," मुनशीकाका म्हणाले आणि मागे सरकले.

व्यापारी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो पुढे झुकला. "ती सकाळी इथं आली होती, ठाऊक आहे मला. मूळ कागद आहे का तिच्याकडं? तोंडानं बोलू नका. नुसती मान हलवा."

शब्द उच्चारला नाही म्हणजे शब्द मोडला नाही, असं वकिलानं मनाला समजावलं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मग माशी हाकलावी इतकीच त्याची मान आडवी हलली.

व्यापाऱ्यानं गूळपाणी एका दमात संपवलं.

दुसऱ्या दिवशी सही करायला आलेल्या रंगारणीला दारातूनच परत पाठवलं. पुढे न्यायाधीशांनी मूळ कागद मागितला, तेव्हा तिनं न्यायाधीशांकडे पाहिलंच नाही. ती व्यापाऱ्याच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकिलाकडे बघत राहिली. विहीर गेली. तिच्या रंगाच्या कढया अंगणात उपड्या पडल्या.

वकील बाजारपेठेची वाट पाहत बसला. एक महिना गेला, दोन गेले, कुणी फिरकलं नाही. मग कानावर आलं, की तेलाच्या घाण्यावरून व्यापाऱ्याचं भावाशी बिनसलंय आणि तो समोरच्या गल्लीतल्या नव्या वकिलाकडे जातोय. वकिलानं त्याला रस्त्यात गाठलं आणि हाताला धरून पेढीवर आणलं. मुनशीकाकांनी गूळपाणी ठेवलं.

व्यापाऱ्यानं पेल्याला हात लावला नाही. "राहू द्या. पाणी घेतलं की पोटातलं बोलावं लागतं."

"अहो, तुमच्यासाठी मी इतकं केलं."

"केलंत ना. म्हणूनच भीती वाटते. ती मान हलताना मी समोरच बसलो होतो."

तो उठून गेला. वकिलाला रंगारणीची नजर आठवली आणि त्याची त्यालाच लाज वाटली, पण आता तिला हाक मारायलाही तोंड उरलं नव्हतं. मुनशीकाकांनी भरलेला पेला उचलला आणि अंगणातल्या जास्वंदीला ओतला. पुढे त्या झाडाला रोज गूळपाणी मिळू लागलं.

तात्पर्य: विश्वासानं सांगितलेली गोष्ट सहीची वाट पाहत नाही. एकाचं गुपित विकणाऱ्याकडे दुसरा आपलं गुपित ठेवत नाही; ज्यानं ते विकत घेतलं, तोही नाही.